गल्ल्यावर आई

पुडी बांधायला आईने मला तीनदा शिकवलं आणि तिन्ही वेळा साखर माझ्या फ्रॉकवर सांडली. वर्तमानपत्राचा चौकोन घ्यायचा, डाव्या हाताभोवती त्याचा कोन करायचा, खालचं टोक आत दुमडायचं, साखर ओतली की वरचं तोंड चेपून बसवायचं. मग छताला टांगलेल्या डब्यातून खाली लोंबणारा दोरा उभा-आडवा फिरवायचा. शेवटी तो कात्रीने नाही तोडायचा. बोटाला एक वेढा द्यायचा आणि झटका. माझं बोट कापलं. आईचं कापायचं नाही, पण तिच्या तर्जनीवर एक बारीक खाच पडली होती ती कायमची. शेवटच्या आजारपणात बोटाला चिमटा लावताना सिस्टरने विचारलं, "हे काय झालंय?" मी म्हटलं, "दोरा." तिला काही उलगडा झाला नाही.

दुकान लोणंदला. वडील रेल्वेत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, त्यामुळे आजोबांमागे गल्ल्यावर आई बसली ती बसलीच. कांद्याच्या हंगामात ट्रकांची रांग लागायची, हमाल, ड्रायव्हर, तोलाईवाले चहापत्तीला आणि बिडी-काडीला आमच्याकडे यायचे आणि आई त्यांच्याशी त्यांच्याच पट्टीत बोलायची. गोड बोलणं तिला जमत नसे. किराणावाल्याने गोड फक्त विकावं, असं तिचं म्हणणं.

गावातली कुठली गोष्ट तिला कुणी सांगावी लागायची नाही. नेहमी पाव किलो तेल नेणारी बाई शंभर ग्रॅम मागू लागली, की त्या घरातला पगार थांबलाय. चहापत्तीच्या दोन पुड्या जादा गेल्या, तर पाहुणे आलेत किंवा कुणी गेलंय. साखर सोबत आहे की नाही यावरून दोन्हींतलं काय ते ठरायचं. खारीक, डिंक आणि आळीव एकदम नेले, म्हणजे लेक बाळंतपणाला आलीय. आई गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नसे. तिचं लक्ष काट्यावर.

१९९५च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा ही विद्या कामाला आली. नर्सबाईंकडे यादी होती, आईकडे आळीवाची उधारी होती. यादीत नसलेली चार-पाच बाळं तिने पहिल्याच फेरीत बाहेर काढली. डोस दिला की ताप येतो, आणखी काय काय होतं, अशा वावड्या असायच्या. आई समजूत घालण्याच्या भानगडीत पडत नसे. दाराशी उभी राहून ओरडायची, "पोराला आण बाहेर, न्हाईतर उद्यापास्नं रोख!" पोर बाहेर यायचं. शाई लावलेली करंगळी ती स्वतः बघायची, मगच लेमनची गोळी. पुढे कितीतरी वर्षं पोलिओचा रविवार म्हणजे दुकान अर्धा दिवस बंद. २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाल्याची बातमी आली. तो कागद तिने पुडीला वापरला नाही. बाकी सगळ्या बातम्यांत तिने जिरं-मोहरी बांधली.

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, मांडव अजून सोडायचा होता. त्याच मांडवात आईने कपडे, धान्य गोळा करायला घेतलं. लोकांनी भरभरून दिलं, त्यात विटलेली लुगडी आणि बटणं तुटलेले सदरेही आले. आईने ते गाठोडं बांधून ज्याचं त्याला परत पाठवलं. एका बऱ्या घरच्या काकू भांडायला आल्या. "त्यांचं घर पडलंय वहिनी, अब्रू न्हाई पडली," एवढंच म्हणून आई तांदळाचं पोतं शिवायला वळली. त्या काकू पुढे दोन वर्षं दुसऱ्या दुकानातून सामान आणायच्या. आमचं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं, हे मात्र आई अधूनमधून बोलून दाखवायची.

आणि पालखी. नीरेला पादुकांना स्नान घालून माउली आमच्या जिल्ह्यात शिरते ती पहिल्या मुक्कामाला लोणंदलाच. ते दिवस आम्हा भावंडांना आई मिळायची नाही. ओट्यावर पाण्याची पिंपं, माळ्यावर दिंडीतली म्हातारी माणसं, न्हाणीघराला रांग. एरवीपेक्षा एक पैसा जास्त घ्यायचा नाही, पण फुकटही द्यायचं नाही, असा तिचा नेम. "माउली, सुट्टे द्या," असं ती प्रत्येक वारकऱ्याला म्हणायची, आणि मला भीती वाटायची की रथातल्या माउलीलाही ही हेच म्हणेल. माझ्या अकरावीच्या प्रवेशाचा दिवस नेमका त्यातच आला. बाकीच्या मुलींच्या आया फॉर्म धरून उभ्या, मी रातपाळी करून आलेल्या, पेंगणाऱ्या वडिलांबरोबर. रात्री मी विचारलं, "तुला आम्ही दिसतो का?" ती सोड्याने पिंप घासत होती. म्हणाली, "दिसता की. जेवलात ना?" याचा राग मला बरीच वर्षं पुरला.

दुकान आवरायला भाऊ आणि मी बसलो ते ती गेल्यावर महिन्याने. पाडव्याला पूजा करून घातलेल्या लाल वह्या, वर्षागणिक सुतळीत बांधलेल्या. नावं कमीच, "पिवळं घर", "रॉकेल गाडीवाले", "धाकट्या सोनारीण" अशी खाती. आणि प्रत्येक वहीत पहिलं पान "घर". आम्ही बरणीतून उचललेल्या गोळ्यासुद्धा तिथे मांडलेल्या: लेमन ४, बिस्कीट पुडा १. महिनाअखेर वडिलांच्या पगारातून ती ते पैसे गल्ल्यात टाकायची आणि रेघ मारायची. हे आम्हाला माहीत होतं, त्यावरून आम्ही तिची टिंगलही करायचो.

भाऊ बँकेत आहे, त्याला बेरजा दिसल्या की राहवत नाही. तो एका पानावर अडकला. घर: गहू ४० किलो, तूरडाळ ६ किलो, गोडेतेल ८ किलो, आळीव पाव किलो. एका महिन्याचं.

"आपण चौघंच होतो ना तेव्हा?" त्याने विचारलं.

"चौघंच. आणि गहू शेतावरून यायचे."

त्याने बेरीज पुन्हा केली. आळीवाच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला. मग त्याने मागची वही सोडायला घेतली, सुतळीची गाठ काही सुटेना.