तुम्ही विचारलंत म्हणून: कांजिण्या गेल्या, मग नागीण कुठून आली?

मी ठाण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. त्यामुळे नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नागीण झाली की जिन्यातच मला गाठतात. परवा तळमजल्यावरच्या काकू: "अगं, कांजिण्या मला दुसरीत असताना होऊन गेल्या. आता साठीत हे कुठून आलं?"

काकू, आलं कुठूनच नाही. तोच विषाणू इतकी वर्षं तुमच्या मणक्यालगतच्या चेतापेशींत होता. तोही पेशीच्या केंद्रकात, जिथे तुमचा स्वतःचा डीएनए असतो तिथेच.

तिथे तो शिरतो कसा, हे शिकवताना मला अजून मजा येते. या कुळातला, म्हणजे हर्पीस कुळातला, विषाणू म्हणजे डीएनएचा धागा कोंबलेला प्रथिनांचा डबा. डबा सुमारे 125 नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत 8,000 मावतील. तरीही केंद्रकाच्या छिद्राला तो मोठाच पडतो. मग छिद्राशी चिकटून तो नुसता धागा आत सोडतो. रिकामा डबा बाहेरच. आत धाग्याची टोकं जुळून कडं होतं. ते वाचायला यंत्र आपलंच, आरएनए पॉलिमरेज. त्यातून आधी पेशीचा ताबा घेणारी प्रथिनं बनतात, मग डीएनएच्या नकला काढणारी, शेवटी नवे डबे.

(देवीचा विषाणूही डीएनएचाच, पण तो केंद्रकात जात नाही. स्वतःची यंत्रं बरोबर आणतो आणि बाहेरच्या पेशीद्रवातच सगळं उरकतो. परीक्षेत निम्मा वर्ग इथे मार्क घालवतो.)

चेतापेशीत मात्र कडं गप्प पडून राहतं. चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्याला हलवणारं कुणी नाही. "पागडीवाला भाडेकरू गं," काकू म्हणाल्या. अगदी तोच. वयानं प्रतिकारशक्ती ढिली पडली की तो उठतो आणि त्याच नसेवरून कातडीवर उतरतो. म्हणून पट्टा सहसा अंगाच्या एकाच बाजूला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती उगाचच आहे.

"मग गोळ्या संपल्या की कायमचा गेला?" नाही. नागिणीवरचं औषध असायक्लोव्हिर डीएनएच्या विटेचं सोंग घेऊन नव्या नकलेत घुसतं आणि ती तिथेच तोडतं. म्हणून पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलेलं बरं. झोपलेलं कडं नकला काढतच नाही, तेव्हा गोळी त्याला हात लावू शकत नाही.