आधी पडदे काढा

उन्हाळ्यात गाईच्या तापाचे फोन मला बहुतेक संध्याकाळी येतात. ऊन कडक असतं दुपारी, पण गाईच्या अंगात दिवसभर साठलेली उष्णता दोन-चार तास उशिराने कळस गाठते. हाही फोन असाच पाचच्या पुढे आला. "डॉक्टर, १०६ ताप आहे. सकाळी इंजेक्शन झालं, दुपारी झालं, उतरतच नाही." गाय होल्स्टीन संकर, व्यायला दोनेक महिने झालेली, गोठ्यात सगळ्यांत जास्त दूध देणारी.

गोठ्यात पाऊल टाकलं आणि चष्म्यावर तुषार बसले. मालकाने हौसेने फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणारे फवारे, बसवले होते आणि झळ लागू नये म्हणून चारी बाजूंनी ओल्या गोणपाटाचे पडदे सोडले होते. वर बुटका पत्रा. अंगाला गार लागत होतं खरं, पण दोन मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. सगळ्या गाई उभ्या, मान पुढे काढलेली, तोंडातून लाळेच्या तारा. रवंथ एकीचाही चालू नव्हता. आजारी म्हणून दाखवलेल्या गाईची कूस मोजली तर मिनिटाला ११० श्वास. साठच्या वर गेले की गाय उष्णतेच्या ताणात आहे असं आम्ही धरतो. थर्मामीटर १०६.४ वर थांबला. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१.५ असतं.

तरी आधी बाकीच्या शंका फेडून घेतल्या. कास मऊ, दूध स्वच्छ, गर्भाशयाचा घाण स्राव नाही, गाठी सुजलेल्या नाहीत, डोळ्यांची आतली त्वचा गुलाबी. गोचीड तापासाठी रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेतला. पण एक गाय धापत असती तर गोष्ट वेगळी. इथे अख्खा गोठा धापत होता.

आणि गोठ्याबाहेर? जागा नाही म्हणून एक म्हातारी गाय झाडाखाली बांधली होती. ती आरामात बसून रवंथ करत होती. तीही संकरितच. मान्य, तिचं दूध कमी, म्हणून अंगात तयार होणारी उष्णताही कमी. पण दुसरं कारण मी मालकाला उपकरणावर दाखवलं. झाडाखाली ३७ अंश, आर्द्रता ४० टक्के. गोठ्यात ३४ अंश, आर्द्रता ८० टक्के. या दोन्हींचा मिळून एक निर्देशांक काढतात. जास्त दुधाच्या गाईला तो ६८ च्या पुढे गेला की त्रास सुरू होतो. बाहेर तो ८५ आला, आत ८९. तीन अंशांनी गार असलेला गोठाच गाईला जड जात होता. अंगावरचा घाम आणि श्वासातली वाफ हवेत उडाली तरच गाय गार होते. मुळात तिला घाम माणसापेक्षा फार कमी येतो, म्हणून तर ती धापते. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर त्या धापण्याचाही उपयोग होत नाही.

"फॉगर बंद करा, पडदे काढा," म्हणालो. मालकाचा चेहरा पडला. पैसे घातलेले असतात हो, मी समजू शकतो.

गाय बाहेर सावलीत घेतली. मोटर सुरू करून पाइपने खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत पाणी मारलं, कातडीला पोचेल इतकं. नुसते केस ओले होऊन उपयोग नाही, केसांवरचे थेंब उलट कातडीभोवती उष्णता कोंडून ठेवतात. मग घरातला उभा पंखा आणून दहा-बारा मिनिटं वारा. पुन्हा एक-दोन मिनिटं पाणी, पुन्हा वारा. मालकाच्या आई काढा घेऊन आल्या, बाटलीने पाजायला. त्यांना हात जोडून थांबवलं: "आजी, धापणाऱ्या जनावराच्या घशात काही ओतायचं नाही, फुप्फुसात जातं." बादली पुढे ठेवली तर गाय आपणहून प्यायली, दुसरीही संपवली. पितेय म्हटल्यावर सलाईन लावलंच नाही. अंग १०३ वर आल्यावर पाणी थांबवलं, कारण त्यापुढे ते आपोआप खाली घसरत राहतं.

"मग इंजेक्शन नाही देणार?" हा प्रश्न येणारच होता. इंजेक्शन दिलं नाही की डॉक्टरने काही केलंच नाही असं वाटतं. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूच शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकवतो आणि औषध तो खाली आणतं. इथे काटा जागेवरच होता, उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती. तापाच्या औषधाला इथे कामच नाही.

बोलता बोलता मालक म्हणाले, दुधाची फॅटही घसरलीय, पेंड वाढवली तरी. ते याच साखळीतलं. धापताना गाय कार्बन डायऑक्साइड जास्त सोडते, रक्तातला तोल सांभाळायला मूत्रपिंड आम्ल शमवणारं बायकार्बोनेट बाहेर टाकतं, उरलेलं लाळेबरोबर जमिनीवर गळतं. रवंथ थांबलेला, म्हणजे पोटात लाळ जायची तीही कमी. त्यात वैरण सोडून गाय पेंडच निवडून खाणार. पोट आंबट होतं, फॅट पडते, काही आठवड्यांनी खूर दुखायला लागतात आणि तेव्हा या दिवसांची आठवण कोणालाच राहिलेली नसते. पेंड वाढवू नका, निम्म्याहून जास्त खाद्य संध्याकाळनंतर आणि पहाटे घाला, खनिज मिश्रणासोबत खाण्याचा सोडा द्या, आणि हौद सावलीत घ्या असं सांगितलं. उन्हातलं तापलेलं पाणी गाय पोटभर पीत नाही, आणि अशा दिवसांत तिला शंभर लिटरही लागू शकतं.

गाभण गाईंनाही पंखा लावा म्हटल्यावर मात्र वाद झाला. आटवलेल्या गाभण गाई त्यांनी पश्चिमेच्या उन्हात बांधल्या होत्या. "त्या दूध कुठे देतात, त्यांना कशाला पंखा?" शेवटच्या दोन महिन्यांत उष्णता लागली की वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेताचं दूधच कमी निघतं, हे मी माझ्या परीने समजावलं. ते मान हलवत राहिले. काचपट्टीचा निकाल सांगायला पुन्हा गेलो, गोचीड ताप नव्हताच. पडदे गुंडाळलेले होते आणि गाभण गाईंच्या डोक्यावर नवा पंखा लागला होता. बंद होता. "दुपारी लावतो की," मालक म्हणाले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.