शून्य अपघाताची पाटी आणि आमची चिठ्ठ्यांची पेटी

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात पत्रा कापून-दाबून भाग बनवणारे दोन मेकॅनिकल प्रेस घेऊन आम्ही सुरुवात केली, तेव्हा डाय (प्रेसमध्ये बसवायचे साचे) माझ्या भागीदारांकडे आणि हिशोब माझ्याकडे अशी वाटणी होती. भागीदार जुने टूलमेकर. पत्र्याच्या कडेवरची बर (कापल्यावर उरलेली खरखरीत धार) पाहून पंच (पत्र्यावर वरून दाबणारा भाग) आणि डायमधले क्लिअरन्स (मोकळे अंतर) कुठे बिघडले आहे हे ते सांगत, आणि नवी डाय चढवल्यावर फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) हाताने फिरवून रॅम (वर-खाली होणारा भाग) पूर्ण खाली आणून पाहिल्याशिवाय मोटर सुरू करू देत नसत. आमचे सेटर, म्हणजे डाय बसवणारे कारागीर, आजही तसेच करतात. पुढे प्रेस वाढले, स्वतःची शेड झाली. त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

सांगायचे आहे ते त्यानंतरचे. आमचे बहुतेक काम ज्या एका मोठ्या ग्राहकाकडून येत असे, त्याने पुरवठादारांसाठी सुरक्षा बक्षीस योजना आणली. वर्षभरात एकही अपघात नसेल तर पूर्ण गुण, आणि गुणांच्या प्रमाणात नवे काम. त्याच वर्षी आमच्या एका की-क्लचच्या (फ्लायव्हीलशी जोड धातूच्या किल्लीने होणाऱ्या) प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे रॅम आपोआप पुन्हा खाली आला, आणि पार्ट काढणाऱ्या ऑपरेटरच्या तर्जनीचे वरचे पेर गेले. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे आम्ही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला सूचना दिली आणि ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा) अपघाताचा अहवाल पाठवला. आमचे गुण घसरले. आमच्या शेडमधल्या त्या ग्राहकाच्या डाय टेम्पोत भरून गल्लीतल्याच दुसऱ्या प्रेस शॉपमध्ये गेल्या, जिथे दारावर ‘शून्य अपघात’ अशी मोठी पाटी होती. तिथे बोट गेलेल्या माणसाला खासगी दवाखान्यात नेऊन, हातावर रोख ठेवून रजेवर दाखवतात, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते.

हे मला आजही सहन होत नाही, कारण त्यात नुकसान कामगाराचे होते. नोंद असेल तर कामावर येता येत नाही त्या काळात ईएसआयकडून वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो, आणि कोणत्या बोटाचे किती पेर गेले यावरून कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरते. नोंदच नसेल, तर त्या माणसाने हक्क मागायचा कशाच्या आधारावर? आमच्या ऑपरेटरला दोन्ही लाभ मिळाले. आम्हाला मात्र बँकेचा हप्ता आणि पगार यांतले आधी काय भागवायचे, असे दिवस आले. तेव्हा इचलकरंजीचे एक जुने ग्राहक, यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे, स्वतः येऊन शेड फिरून गेले. दोन्ही हातांनी एकदम बटणे दाबल्याखेरीज न चालणारा, नव्याने बदललेला प्रेस त्यांनी चालवून पाहिला आणि पुढच्या मालाची उचल तिथेच दिली. शेडला टाळे लागले नाही, ते त्यांच्यामुळे.

बक्षीस आपणही द्यावे, पण अपघात न झाल्याचे नव्हे, धोका दाखवल्याचे द्यावे, ही कल्पना भागीदारांची. दिसलेला धोका चिठ्ठीवर लिहून टाकण्यासाठी हजेरीच्या टेबलाशी पेटी ठेवली. पहिल्या चांगल्या चिठ्ठीवर एका हेल्परने लिहिले होते, ‘चार नंबर प्रेस, पेडल सोडले तरी रॅम परत खाली आला.’ प्रेस त्याच क्षणी बंद केला. क्लचची की झिजलेली आणि स्प्रिंग ढिली निघाली. त्याच पाळीत सर्वांसमोर त्या मुलाच्या हातात बक्षिसाचे पाकीट दिले. त्याआधी तोंडी कुरकुर ऐकू येई, ती आता कागदावर येऊ लागली: पार्ट काढण्याचा चिमटा आखूड पडतो, गार्डचा बोल्ट रोज सैल होतो, स्क्रॅपची ट्रॉली वाटेत उभी असते.

ज्यांना अशी योजना सुरू करायची आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. सबंध पाळीला ‘अपघात नाही’ म्हणून एकत्र बक्षीस देऊ नका. जखमी माणूस सोबत्यांचे बक्षीस बुडू नये म्हणून जखम लपवतो. ठेकेदाराच्या मुलांना वगळू नका, कारण सर्वांत अपुऱ्या शिकवणीने प्रेसवर तीच उभी राहतात. सुपरवायझरचे बक्षीस चिठ्ठ्यांच्या संख्येवर नको, त्यांतल्या किती बाबी दुरुस्त झाल्या यावर असावे. नाहीतर पेटी भरते आणि प्रेस तसाच राहतो. उत्तर आठवड्याच्या आत फलकावर लागले पाहिजे, मग ते नकाराचे का असेना. आणि बक्षिसाचा पैसा गार्ड, लाइट कर्टन (हात आत येताच प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), न्युमॅटिक क्लच (हवेच्या दाबावर चालणारा) यांच्या तरतुदीतून कधीही काढू नका. उघड्या डायसमोर माणूस बसवून त्याला सावधगिरीचे बक्षीस देणे मला अपमानास्पद वाटते.

आम्ही ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेतोच; पण त्या दिवशी वर्षातल्या उरलेल्या चिठ्ठ्याही मोठ्याने वाचल्या जातात आणि प्रत्येकीचे काय झाले ते मालकाने, म्हणजे मी, उभे राहून सांगायचे असते. खंडेनवमीला प्रेसची पूजा गेल्या वर्षी चार नंबरवाल्या त्या मुलाच्या हातून झाली. तो आता सेटर आहे.

तो मोठा ग्राहक पुढे पुन्हा आमच्याकडे आला. त्यांच्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये अपघातांच्या आकड्याला रकाना आहे, कळवलेल्या धोक्यांना अजून नाही. आम्ही चिठ्ठ्यांचे रजिस्टर दरवेळी फॉर्मला जोडून देतो आणि त्याची पोच लिहून घेतो.