गनने रंगवता, मग हाताचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बुकिंगला आलेली माणसं कॉम्प्रेसरची घरघर ऐकतात आणि विचारतात, "ताई, मूर्ती मशीनने रंगवता, मग त्यात हाताचं काम काय राहिलं?"

पेणजवळ हमरापुरात आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. कॉम्प्रेसरने दाबलेल्या वाऱ्यावर रंग फवारणाऱ्या एअरब्रशला आम्ही नुसतं गन म्हणतो. जाड पेनाएवढी असते. वर रंगाची वाटी, आत सुई, तोंडाशी ०.३ मिलिमीटरचं भोक. खटका खाली दाबला की वारा सुटतो आणि तोच मागे ओढू तसा रंग वाढतो. दोन्ही एकाच बोटाने, हात चालता ठेवून. सुरू करताना आधी वारा, मग रंग; थांबताना आधी रंग बंद, मग वारा. उलट झालं की ठिपका पडलाच. हे बोटात बसायला मला दोन हंगाम लागले.

सपाट बॉडी कलर दिलेला गणपती मातीचाच दिसतो. त्याला अंग येतं शेडिंगने. सोंडेच्या वळ्या, कानामागची जागा, पोटाखालचा खोलगटपणा, बोटांच्या बेचक्या, सगळीकडे तांबूस छटा, तीन-चार पातळ हातांत. रंग दुधासारखा पातळ लागतो. फार जवळ गेलात तर कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात, लांब गेलात तर रंग वाटेतच वाळून पिठासारखा खरखरीत बसतो.

त्यात आमचा हंगाम ऐन पावसातला. हवेतली ओल कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचते. एकदा ते पाणी नळीतून येऊन तयार मूर्तीच्या कपाळावर उडालं. सगळा चेहरा अस्तरापासून पुन्हा करावा लागला. त्या दिवशी मी रडले होते. आता रोज सकाळी टाकीचा कॉक सोडून पाणी काढल्याशिवाय गन हातात घेत नाही.

गनमुळे धंदा वाढला, हे खरंच आहे. प्रत्येक रंगाला गन धुण्यात वेळ जातो, म्हणून आधी सगळ्या मूर्तींची अंगं, मग सगळ्यांचे पितांबर. नुसत्या ब्रशने एवढं काम श्रावणात उरकलं नसतं. गणपतीनंतर याच गनवर हेल्मेटं आणि बाइकच्या टाक्या रंगवते, घर त्यावरही चालतं.

फ्रान्सिस स्टॅन्ली या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये अशा फवाऱ्याचं पेटंट घेतलं, ते फोटोंना रंग द्यायला. म्हणजे गालाची लाली हे याचं जुनंच काम. पण गनची कड नेहमी मऊ, धुकट येते. डोळ्याला तशी कड चालत नाही, नजर ठरायला पक्की रेघ हवी. म्हणून डोळ्यांची आखणी बारीक ब्रशने, सगळ्यात शेवटी. त्या वेळी मी कॉम्प्रेसर बंद करते.

यंदा याल तेव्हा मूर्ती उजेडाकडे फिरवून सोंडेच्या मुळाशी बघा. छटा कुठे सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता आलं, तर ती मूर्ती मी परत रंगवायला घेईन.