रेषा एक, समीकरणं अनेक: तापमापीवर केलेला सराव

रेषीय समीकरणाची रूपं नुसती पाठ करून भागत नाही. एकच रेषा हाताने सगळ्या रूपांतून फिरवली की ती डोक्यात बसतात. मी त्यासाठी सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा संबंध घेतला, कारण त्यातले दोन बिंदू आधीच ठाऊक असतात. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं, तेच ३२ फॅरनहाइट. १०० ला उकळतं, तेच २१२. क्ष म्हणजे सेल्सिअस आणि य म्हणजे फॅरनहाइट धरलं, की बिंदू झाले (०, ३२) आणि (१००, २१२).

पहिलं काम चढ काढायचं. य मधला फरक वर, क्ष मधला खाली: १८०/१०० = ९/५. इथे उलटं लिहिलं तर ५/९ येतं, आणि ही चूक लवकर सापडत नाही, कारण ५/९ हा आकडाही ओळखीचा असतो. तो फॅरनहाइटवरून सेल्सिअसकडे येतानाचा चढ. दुसरी चूक वजाबाकीच्या क्रमाची: वर दुसऱ्यातून पहिला आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा केला तर चढ ऋण येतो. पण एक मापन वाढलं की दुसरंही वाढतं, तेव्हा ऋण उत्तर दिसताक्षणी थांबायचं. १.८ न लिहिता मी ९/५ च ठेवला, कारण पुढे छेद घालवायचा असतो.

चढ आणि एक बिंदू हाताशी असला की समीकरण लगेच लिहिता येतं: य − २१२ = ९/५ (क्ष − १००). दुसरा बिंदू घेतला तर य − ३२ = ९/५ क्ष. दोन्ही वेगळी दिसतात म्हणून घाबरायला होतं; कंस सोडवला की १८० वजा होतात, २१२ − १८० = ३२, आणि दोन्ही एकच निघतात.

या रूपातला माझा आवडता बिंदू मात्र तिसराच आहे: (−४०, −४०). उणे ४० ला दोन्ही मापनं जुळतात. तो भरताना उण्याचं अधिक होतं, य + ४० = ९/५ (क्ष + ४०), आणि नेमकी इथेच वहीत य − ४० लिहिलं जातं. नीट लिहिलं तर तोंडी हिशेबाची रीतच हाती येते: ४० मिळवा, ९/५ ने गुणा, ४० काढा. उलट जाताना फक्त गुणक ५/९ होतो, ४० चं मिळवणं-काढणं तसंच. ३२ आधी काढायचे की नंतर, हा घोळच उरत नाही.

किंमत काढायची असेल तर य = ९/५ क्ष + ३२ बरं. ३७ ठेवले की ६६.६ आणि ३२ मिळून ९८.६. यात ३२ म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा.

सामान्य रूपासाठी, म्हणजे सगळी पदं डावीकडे आणि उजवीकडे शून्य अशा रूपासाठी, सगळ्याला ५ ने गुणायचं: ९क्ष − ५य + १६० = ०. 'सगळ्याला' यावर जोर हवा. ३२ तसेच राहिले तर ५य = ९क्ष + ३२ होतं; त्यात क्ष = १०० ठेवा, य येतो १८६.४. रूप बदललं की एक बिंदू ठेवून पाहायचा, अर्धं मिनिटही लागत नाही. या रूपात क्ष चा सहगुणक ९ म्हणजे चढ नव्हे, हेही लक्षात ठेवायचं: चढ म्हणजे उणे ९ भागिले उणे ५.

दहावीतल्या क्रेमरच्या पद्धतीला, म्हणजे दोन समीकरणं एकत्र सोडवायच्या एका रीतीला, स्थिरपद उजवीकडे लागतं: ९क्ष − ५य = −१६०. जोडीला क्ष − य = ० घेतलं, म्हणजे दोन्ही मापनं सारखी कधी हा प्रश्न. मुख्य निश्चयक (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) −४, क्ष चा (क्ष च्या सहगुणकांजागी स्थिरपदं घालून) १६०, भागून उत्तर −४०. सामान्य रूपातले १६० चिन्ह न बदलता उचलले तर +४० येतं. पण ४० सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट, तेव्हा चूक पकडता येते.

दोन्ही अक्षांवरचे छेद दाखवणारं रूप इथे अवघडच होतं. क्ष-अक्षावर −१६०/९ येतो. त्यासाठी ३क्ष + ४य = १२ घ्यावं. १२ ने भागलं की क्ष/४ + य/३ = १. क्ष खाली ३ नाही, ४ येतात. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेला हे रूप नसतंच. उजवीकडे शून्य असतं, भागणार कशाने?

आणि क्ष = ५ सारखी उभी रेषा. तिचा चढ काढताना खाली शून्य येतो, म्हणून चढ असलेल्या कुठल्याच रूपात ती बसत नाही. 'चढ शून्य' असं लिहिलं तर ते य = ५ सारख्या आडव्या रेषेचं वर्णन झालं. उभी रेषा सामान्य रूपात मात्र बिनतक्रार बसते: य चा सहगुणक शून्य, क्ष − ५ = ०.