डिस्ट्रोच्या कर्नलपासून स्वतःच्या कर्नलपर्यंत: एका लॅपटॉपची आणि एका डेस्कटॉपची वाट

ही वाट लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा त्याचा गाभा, स्वतः बांधण्याची. तिच्यावर दोन यंत्रं होती. पहिलं म्हणजे अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप: एनव्हीएमई डिस्क, इंटेलचंच वायफाय आणि आयटूसी या अंतर्गत जोडणीवर बसलेला टचपॅड. दुसरं रायझनचा डेस्कटॉप: साटा आणि एनव्हीएमई अशा दोन डिस्क, रेडिऑन ग्राफिक्स, मदरबोर्डवरचं रियलटेक इथरनेट. कर्नल ६.१२, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली, दीर्घ मुदतीसाठी सांभाळली जाणारी आवृत्ती. निघताना दोन्हीकडे डिस्ट्रोचा, म्हणजे उबुंटू, डेबियन अशा तयार लिनक्स संचाचा, सर्वांसाठीचा कर्नल होता. पोचायचं होतं ते फक्त त्या त्या यंत्राला लागेल तेवढ्याच कर्नलपाशी.

कर्नलच्या कॉन्फिग मेनूत हजारो पर्याय दिसतात आणि माणूस तिथेच अडकतो. पण खरा प्रश्न प्रत्येक ड्रायव्हरला एकच विचारायचा असतो: हा रूट फाइलसिस्टीम (मुख्य फाइलींचा विभाग) माउंट होण्याआधी, म्हणजे जोडली जाण्याआधी लागतो की नंतर? आधी लागणारा एकतर कर्नलमध्येच बांधलेला हवा, म्हणजे 'वाय', नाहीतर इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइलसंचात हवा. नंतर लागणारा खुशाल मॉड्यूल, म्हणजे गरजेला लोड होणारा वेगळा तुकडा राहू द्या: 'एम'. काळा पडदा, न सापडणारी डिस्क, गायब वायफाय यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या प्रश्नाच्या चुकलेल्या उत्तरात असतं.

तयारीत जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि ओपनएसएसएल, लिबएल्फ व एनकर्सेस यांची डेव्हलपमेंट पॅकेजं लागतात. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये बीटीएफ (डीबग माहितीचा एक प्रकार) चालू असेल तर पाहोल हे साधनही लागतं, ते काही डिस्ट्रोंत ड्वार्व्ह्ज नावाच्या पॅकेजात असतं. डिस्कवर मोकळी जागा २५ जीबी ठेवा. डीबग माहिती बंद केली की यातली बरीच वाचते.

मग यंत्राची यादी, आणि ती जुना कर्नल चालू असतानाच करायची. 'एलएसपीसीआय -एनएनके' प्रत्येक पीसीआय उपकरणाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दाखवतो. 'एलएसयूएसबी -टी' यूएसबीचं झाड ड्रायव्हरसकट दाखवतो. दोन्हींचं आउटपुट फाइलमध्ये साठवून ती फाइल दुसऱ्या यंत्रावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. नवा कर्नल उठला नाही तर ही यादी तिथूनच वाचावी लागते.

सुरुवात कोऱ्या पाटीवरून करू नका. '/बूट' मधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल उचलून सोर्सच्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' नावाने ठेवा, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा आणि मग 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. हा शेवटचा आदेश 'एलएसमॉड'ची यादी वाचतो आणि त्या क्षणी लोड नसलेली मॉड्यूल काढून टाकतो. 'वाय' असलेल्या पर्यायांना तो हात लावत नाही. आठ कोअरच्या यंत्रावर डिस्ट्रोचा पूर्ण कर्नल बांधायला अर्धा ते एक तास जातो. छाटलेला साधारण दहा मिनिटांत होतो.

छाटणी मात्र आंधळी असते. त्या वेळी पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेज आणि एक्सफॅट जातात. व्हीपीएन बंद असेल तर वायरगार्ड आणि टन जातात. कंटेनर चालू नसतील तर ओव्हरलेएफएस, व्हेथ, ब्रिज आणि एनएफटेबल्सचे निम्मे तुकडे जातात. म्हणून आधी सगळं जोडा आणि सगळं चालवा: प्रिंटर, वेबकॅम, ब्लूटूथ हेडफोन, एचडीएमआयवरचा पडदा, आभासी यंत्र. ईएफआय पार्टिशन माउंट करून ठेवा. तरीही धास्ती वाटत असेल तर 'एलएमसी_कीप' या चलात 'ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस' असं लिहून आदेश द्या, म्हणजे ते फोल्डर छाटणीतून वाचतात. पहिल्या खेपेला हे जरूर करावं. थोडी जास्त मॉड्यूल बांधली गेल्याने फक्त काही मिनिटं जातात.

बांधायला बसण्याआधी तीन गोष्टी. उबुंटू किंवा डेबियनची कॉन्फिग असेल तर 'सिस्टम_ट्रस्टेड_कीज' आणि 'सिस्टम_रिव्होकेशन_कीज' यांत त्या डिस्ट्रोच्या प्रमाणपत्रांचे मार्ग असू शकतात. त्या फाइली तुमच्याकडे नसतात आणि मेक 'नो रूल टु मेक टार्गेट' म्हणून मध्येच थांबतो. दोन्ही मूल्यं रिकामी करा. दुसरं, डीबग माहितीसाठी 'डीबग_इन्फो_नन' निवडा. तिसरं, 'लोकलव्हर्जन'मध्ये स्वतःची खूण घाला, समजा '-माझा'. आवृत्तीचं नाव जुन्या कर्नलशी तंतोतंत जुळलं तर 'मॉड्यूल्स_इन्स्टॉल' जुन्या मॉड्यूलांवरच नवी लिहितो, आणि परतीची वाट बंद होते.

आता 'मेक मेनूकॉन्फिग'. मेनूत भटकू नका. तिरपी रेघ दाबून पर्यायाचं नाव शोधा; तो कशावर अवलंबून आहे तेही तिथेच दिसतं. '.कॉन्फिग' हाताने बदलणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण अट पूर्ण होत नसलेला पर्याय 'ओल्डडेफकॉन्फिग' एक शब्दही न बोलता काढून टाकतो. बदल केल्यावर 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग'ने जुनी आणि नवी फाइल ताडून पाहायची.

सर्वात जास्त वेळ डिस्कपाशी द्यावा. एनव्हीएमईला 'बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई' पुरतो, पण बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारं इंटेलचं तंत्र) चालू असतं आणि डिस्क त्याच्या आड लपते. एनव्हीएमईचा ड्रायव्हर असूनही डिस्क दिसत नसेल तर 'व्हीएमडी' पर्याय राहिला आहे असं समजा. साटाला 'साटा_एएचसीआय' लागतो आणि त्याच्या जोडीला 'बीएलके_डेव्ह_एसडी', कारण साटा डिस्क कर्नलमध्ये स्कझीच्या थरातून पुढे येतात. हा दुसरा नसेल तर कंट्रोलर ओळखला जातो आणि डिस्क मात्र येत नाही. रूट ज्या फाइलसिस्टीमवर आहे ती, मग एक्स्टफोर असो, बीटीआरएफएस की एक्सएफएस, 'वाय' ठेवा.

चुकलं तर पडद्यावर 'अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' येतं. पुढच्या कंसातले आकडे नीट वाचा, निदान तिथेच असतं. '०,०' म्हणजे रूटचं उपकरणच सापडलं नाही: कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही किंवा कर्नलच्या ओळीत रूट कुठे आहे ते सांगणारं 'रूट=' चुकलं. पहिला आकडा ८ किंवा २५९ असेल तर डिस्क सापडली आहे, फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर नाही. त्याच्या वरच कर्नल सापडलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. ती रिकामी असेल तर कंट्रोलरकडे वळा.

इनिटरामएफएस टाळायचा मोह अनेकांना होतो. साध्या एका पार्टिशनवर ते जमतं, फक्त 'रूट=यूयूआयडी' चालत नाही. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, ओळखण्याचं काम इनिटरामएफएसमधल्या साधनांचं असतं. कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, तेवढा कळतो. 'डेव्हटीएमपीएफएस_माउंट'ही चालू लागतो. रूट लक्सने कूटबद्ध असेल किंवा एलव्हीएमवर (डिस्कचे आभासी विभाग करणाऱ्या व्यवस्थेवर) असेल तर इनिटरामएफएसशिवाय जायचा विचार सोडून द्या. साध्या यंत्रावरही तो ठेवावा असंच आमचं मत आहे, कारण पुढचा टप्पा त्याने फार सोपा होतो.

तो टप्पा फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये चढवायच्या प्रोग्रॅमचा. रेडिऑनचा 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर 'वाय' केला आणि फर्मवेअर इनिटरामएफएसमध्ये नसलं, तर रूट माउंट होण्याआधीच तो फर्मवेअर मागतो, मिळत नाही, सुरुवात फसते आणि पडदा गोठतो. इंटेल ग्राफिक्सचा 'आय९१५' असा पूर्ण पडत नाही. चित्र दिसतं, पण डीएमसी फर्मवेअर न मिळाल्याने वीज वाचवण्याची सोय बंद होते आणि लॅपटॉपची बॅटरी उगाच लवकर उतरते. ही गोष्ट डीमेसेग, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, वाचल्याशिवाय कळत नाही. दोन्ही ड्रायव्हर 'एम' ठेवा. ते लोड होण्याआधीचे संदेश दिसावेत म्हणून 'डीआरएम_सिंपलडीआरएम', 'सिसएफबी_सिंपलएफबी' आणि फ्रेमबफर कन्सोल 'वाय' करा. वायफायचंही तसंच: 'सीएफजी८०२११' कर्नलमध्ये बांधला तर देशानुसार वारंवारतेचे नियम सांगणारी 'रेग्युलेटरी.डीबी' फाइल त्याला वेळेत मिळत नाही. इंटेलच्या वायफायला 'आयडब्ल्यूएलवायफाय' एकटा पुरत नाही, सोबत 'आयडब्ल्यूएलएमव्हीएम' हवा.

डेस्कटॉपचं इथरनेट 'आर८१६९'वर लगेच चालतं.

लॅपटॉपचा टचपॅड मात्र चार कड्यांची साखळी मागतो: 'एमएफडी_इंटेल_एलपीएसएस_पीसीआय', 'आयटूसी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म', 'आयटूसी_एचआयडी_एसीपीआय' आणि 'एचआयडी_मल्टिटच'. हे सगळं असूनही टचपॅड मेलेला असेल तर पिनकंट्रोल तपासा, या पिढीसाठी 'पिनकंट्रोल_टायगरलेक', एएमडी लॅपटॉपवर 'पिनकंट्रोल_एएमडी'. टचपॅड आपली हालचाल जीपीआयओ पिनेवरच्या इंटरप्टने, म्हणजे लक्ष वेधणाऱ्या संकेताने कळवतो. पिनांचा ड्रायव्हर नसेल तर तो इंटरप्ट कुणाकडे पोचतच नाही. आवाजातही असाच एक खड्डा आहे. 'एसएनडी_एचडीए_इंटेल'वर स्पीकर वाजतो, पण आतला मायक्रोफोन डिजिटल असेल तर तो एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) ड्रायव्हर आणि त्याच्या फर्मवेअरशिवाय यादीतच येत नाही.

ईएफआय पार्टिशनसाठी व्हीफॅटसोबत 'एनएलएस_कोडपेज_४३७' आणि 'एनएलएस_आयएसओ८८५९_१' ठेवा. ते गेले तर माउंट फसतं आणि सेवा सुरू करणारं सिस्टमडी थेट आणीबाणीच्या कन्सोलवर नेऊन सोडतं. अक्षरसंचामुळे यंत्र अडलं असेल असं तेव्हा डोक्यातही येत नाही. प्रोसेसरचं कुटुंब निवडण्यात फार वेळ घालवू नका, वेगात त्याने फारसा फरक पडत नाही.

बांधणीसाठी 'मेक -जे' पुढे कोअरची संख्या द्या. रॅम ८ जीबी किंवा कमी असेल तर आकडा निम्मा करा, नाहीतर स्मृती अपुरी पडून कंपायलर मारला जातो. मग 'मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल'. डेबियन घराण्यात 'मेक बाइंडेब-पीकेजी' करून पॅकेज लावणं जास्त नीट, कारण काढतानाही ते स्वच्छ निघतं. इनिटरामएफएस आणि ग्रबची (बूटचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी नवी झाली का ते डोळ्यांनी बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल शिम हा सुरुवातीचा बूट प्रोग्रॅमच नाकारतो. स्वतःची एमओके किल्ली (यंत्राच्या मालकाची सहीची किल्ली) नोंदवून 'एसबीसाइन'ने सही करा.

पहिल्या बूटला जुना कर्नलच ठरलेला ठेवा. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड' असेल तर 'ग्रब-रीबूट' नवा कर्नल एकदाच उठवतो. कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' घातलं की कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीने थांबल्यावर, दहा सेकंदांनी यंत्र आपोआप जुन्यावर परततं. उठलं तर 'डीमेसेग -एल ईआरआर,वॉर्न' वाचा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके'ची नवी यादी जुन्या फाइलशी ताडा. ड्रायव्हरची ओळ नसलेलं प्रत्येक उपकरण म्हणजे एक राहिलेला पर्याय. लॅपटॉपचं झाकण मिटून झोपवून परत उठवणं, बॅटरीची टक्केवारी, प्रकाशाच्या कळा आणि तापमान हेही तपासा. तापमानासाठी इंटेलला 'कोअरटेम्प' आणि एएमडीला 'के१०टेम्प' लागतो.

निदान आठवडाभर रोजच्या वापरात राहिल्याशिवाय जुना कर्नल काढू नका. तोवर जमलेली '.कॉन्फिग' जपून ठेवा. पुढच्या आवृत्तीला तीच घेऊन 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवलं की फक्त नव्याने आलेले प्रश्न विचारले जातात.