गवा, गारगोटी आणि कुत्र्याचा वाटा

मे महिन्यात माहेरी गेले होते, गोव्यात रिवणला. संध्याकाळी भाऊ कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत, पाणी सोडायला निघाला. मीही त्याच्या मागून गेले, कारण फोनला रेंज फक्त विहिरीपाशी मिळते. पाटाच्या पलीकडे केळींत काहीतरी काळं उभं होतं. कुणाची तरी म्हैस सुटली असणार, म्हणून मी दोन पावलं पुढं टाकली. भाऊ मान न वळवता म्हणाला, "ओगी राव." गप राहा. तेवढ्यात पाय दिसले. गुडघ्याखाली पांढरे, शाळेचे मोजे घातल्यासारखे.

गवा. वीस-पंचवीस पावलांवर. त्यानं डोकं वर केलं, नाकातून एकदाच हवा सोडली आणि केळीचं पान चघळत आमच्याकडे बघत राहिला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंपर्यंत जातो हे मला ठाऊक होतं. गोव्याचा राज्यप्राणी तो, मुलीच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे. पण चित्रात त्याची छाती कळत नाही. मग तो वळला आणि कमरेएवढ्या गडग्यावरून सहज पलीकडे गेला. वरचा एक चिरा तेवढा खाली आला.

रात्री जेवताना माझ्या डोक्यात एकच विचार. ह्याला पूर्वीची माणसं काठीनं कशी मारत असतील? कारण बंदूक अलीकडची. त्याआधी लाखो वर्षं माणसाच्या हातात काठी, दगड आणि फार तर विस्तव.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावाच्या स्कूटरवर बसून उसगाळीमळला गेले. लहानपणी आम्हाला तिथं कुणी नेलं नाही. कुशावतीच्या काठावर जांभ्याचा सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभरहून जास्त आकृती कोरलेल्या आहेत. १९९३ साली पुरातत्त्व खात्यानं त्यांची नोंद घेतली. बैल, गवे, हरणं, मोर, माणसं, आणि ते प्रसिद्ध गोल चक्र. जायचं तर सकाळीच जा, ऊन तिरपं असताना. दुपारी रेषा कातळात विरघळून जातात. एका गव्याची पाठ मी बोटानं गिरवली (गिरवू नये, पण गिरवली). खांद्याकडून वर चढून मग उतरते, अगदी कालच्यासारखी. कोरणाऱ्यानं तो आमच्याइतक्याच जवळून पाहिला असणार. मी तिथं भाला शोधत होते. मला काही सापडला नाही. भाऊ म्हणाला, भाला कोरायला वेळ कुणाला, तो पळत असेल.

भाला सापडला तो जर्मनीत. शोनिंगन इथल्या कोळशाच्या खाणीत, १९९० च्या दशकात, एका जुन्या तळ्याच्या काठी. लाकडी भाले आणि सोबत घोड्यांच्या हाडांचा ढीग. वय आधी तीन लाख वर्षं सांगत, अलीकडे ते दोन लाखांवर आणलंय. म्हणजे आजच्या माणसाची, आपली, प्रजाती तिकडे पोचायच्याही खूप आधीची माणसं ही. पण मला खिळवून ठेवलं ते वयानं नाही. त्या भाल्यांचं टोक झाडाच्या बुंध्याकडच्या बाजूला काढलेलं आहे, कारण तिथं लाकूड जास्त कठीण. आणि टोक मधोमध नाही, मुद्दाम जरा बाजूला घेतलंय, कारण मधला गाभा मऊ, तो टोकाला आला तर टोक टिकत नाही.

हे वाचून दाखवलं तर भावाला काहीच आश्चर्य वाटलं नाही. माडी, म्हणजे सुपारीचं झाड, पडली की तिच्या रिपा काढायच्या, त्या कडेच्या, आतला भुसा फेकून द्यायचा, हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. "त्यांका कळूंक नासतलें?" एवढंच म्हणाला तो.

तरी काठी ती काठीच. जर्मनीतच लेरिंगन इथं १९४८ साली हत्तीच्या सांगाड्यात फासळ्यांमध्ये एक भाला सापडला, सुमारे २.४ मीटर लांब, यू नावाच्या झाडाचा. जिवंत हत्तीच्या फासळ्यांपर्यंत पोचायचं तर त्याच्या सोंडेच्या टप्प्यातच जावं लागणार. तिथं उभं राहायला नुसती छाती पुरत नाही, हत्तीला आधी कुठंतरी अडकवावं लागतं. चिखलात, ओहोळात, कड्यावर.

इथं मला आजोबा आठवतात. पोर्तुगीज अमदानीत ते वाड्यावरच्या लोकांबरोबर रानडुकराच्या पारधीला जात. आम्ही लहान असताना शंभरदा ऐकलेली गोष्ट, आणि त्यात बंदुकीचा भाग अगदी थोडा. ठासणीची बंदूक एकच, तीही दुसऱ्याची. आजोबा हाकाऱ्यात. पंधरा-वीस जण डोंगराच्या एका अंगानं डबे बडवत, ओरडत चढायचे. वारा कुठून आहे, डुकराची वाट कुठं चिंचोळी होते, हे एका म्हाताऱ्याला ठाऊक, आणि बंदूकवाला तो सांगेल तिथं गप बसायचा. आजोबांच्या गोष्टीतला नायक तो म्हाताराच असायचा.

अगदी हेच, पण अवाढव्य प्रमाणावर, कॅनडात अल्बर्टातल्या एका कड्यावर चालायचं. त्या जागेचं नाव हेड-स्मॅश्ड-इन. जवळजवळ सहा हजार वर्षं तिथले लोक बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानबैलांचे, कळप हाकून कड्यावरून खाली पाडत. मैलोन् मैल दगडांच्या लहान राशी रचलेल्या, कळप त्या वाटेत राहावा म्हणून. आणि हाकाऱ्याच्या आधी एखादा तरुण वासराचं कातडं पांघरून पुढं जायचा आणि हरवलेल्या पाडसासारखा ओरडायचा. मागे लांडग्याचं कातडं घेतलेले. कळप लांडग्यापासून दूर आणि वासराकडे सरकायचा. आईपणाचाच गळ करायचा हा. मला वाचताना पोटात कसंतरी झालं, पण युक्ती बिनतोड.

हे सगळं पुरुषांचंच काम, असं आजोबा धरून चालत. आजीला कुणी विचारलं नाही. पेरूमध्ये अँडीजच्या उंचावर नऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन मिळालं, सोबत भाल्यांची दगडी टोकं आणि कातडं सोलायची हत्यारं. ती व्यक्ती मुलगी निघाली, सतरा ते एकोणीस वर्षांची. आजोबांना हे सांगायला मजा आली असती.

परत मडगावला आल्यावर मी एक उद्योग केला. नदीकाठून आणलेली गारगोटी मागच्या अंगणात दुसऱ्या दगडावर आपटली. पहिल्या चार फटक्यांत नुसता भुगा. पाचव्याला नखाएवढी कपची उडाली, पातळ, कडेला अर्धपारदर्शक. बाजारातून सालीसकट कोंबडी आणली होती. तिच्या मांडीवर ती कपची ओढली, आणि साल सरळ उघडली. विळीला मी इतकं जपते, तीसुद्धा अशी चालत नाही. सांध्यापर्यंत गेले तेव्हा धार बोथट झाली होती आणि अंगठ्याला कापलं होतं. एक कोंबडी, एक कपची. गव्याला किती लागतील? म्हणजे मारणं हा निम्माच कार्यक्रम. पुढं सगळा गाव बसून दगड फोडत, कापत, हाकलत राहणार, कारण वास सुटला की वाघ-तरस यायला वेळ लागत नाही. आणि आमच्या उन्हात ते मांस दुसऱ्या दिवशी टिकणार नाही. एवढं मांस एका घरानं खायचं म्हटलं तरी शक्य नाही. ते वाटावंच लागतं.

वाटणीचं आजोबा रंगवून सांगत. जमिनीवर केळीची पानं मांडायची, प्रत्येकावर एक ढीग. मुंडी बंदूकवाल्याची. कुत्र्याचा वाटा वेगळा, पूर्ण, तो कुत्र्याच्या मालकाकडे. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हो कोणाचो?" पाठमोरा नाव घ्यायचा. ज्याचं नाव येईल त्याचं ते पान, तक्रारीला जागा नाही. हाकाऱ्यात नसलेल्या विधवेच्या घरचंही एक पान असायचं. आजोबा बऱ्याचदा पाठमोरे, कारण त्यांना सगळ्या घरांची नावं क्रमानं पाठ होती.

माझ्या माहेरपणाच्या शेवटच्या रात्री भावानं इसवण, म्हणजे सुरमई, आणला होता. हुमणातलं, म्हणजे कालवणातलं, डोकं वहिनीनं न विचारता माझ्या ताटात वाढलं. पाठ कुणीच केली नव्हती.